ओतीव आणि घडीव

'ओतीव' आणि 'घडीव' हे दोन शब्द आपल्या भाषेंत फार जुने आहेत, आणि त्यांच्यांतील भेद जुन्या घरांतील वडील माणसांना अद्यापि सांगावा लागत नाहीं. समई ओतीव असते. पाणी तापविण्याचा बंब घडीव असतो. साच्यांत रस ओतला, तो निवूं दिला आणि साचा फोडला म्हणजे ओतीव वस्तु तयार होते. घडीव वस्तूला मात्र मार खावा लागतो. पुढें भाषेनें हा भेद धातूंवरून उचलून माणसांवर नेला. एखादा मुलगा साच्यांतून काढल्यासारखा आहे असें आपण म्हणतों, तेव्हां तो दुसऱ्या कोणासारखा तरी आहे एवढाच त्याचा अर्थ. परंतु अमक्याचें आयुष्य असें घडलें असें म्हणतांना त्यानें कांहीं सोसलें आहे, हेंहि आपण न सांगतां सांगून जातों. प्रस्तुत लेखाचा विषय मोटारगाडीचें चाक हा आहे. त्यांतहि वेगासाठीं बांधलेल्या गाड्यांचें ॲल्युमिनियमचें घडीव चाक. हें चाक सुंदर दिसतें याविषयीं त्याच्या चाहत्यांत दुमत नाहीं. तें कां सुंदर दिसतें, आणि जें दिसतें तेवढेंच त्याचें सौंदर्य काय, या प्रश्नाचा मात्र नीट विचार झालेला माझ्या वाचनांत नाहीं.

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकांत चाकाची समीक्षा कशाला, असा आक्षेप येईल हें मला दिसतें. त्याला उत्तर एवढेंच कीं, ज्या ऋग्वेदापासून आपण आपल्या वाङ्मयाचा आरंभ मोजतों, त्यांतील ऋभु हे मूळचे कारागीर; अश्विनांचा रथ घडविण्यासारख्या कौशल्याच्या कामांमुळें ते देवत्वास चढले. त्या काळच्या कवींनाहि आपल्या सूक्ताला रथकाराच्या कामाची उपमा देण्यांत कमीपणा वाटला नाहीं. कारागिरी आणि काव्य यांची फारकत ही पुढची गोष्ट. शिवाय पाथरवटाच्या छिन्नीवर आणि जुन्या शालूच्या कांठावर ज्या लेखणीला लिहितां येतें, ती चाकापाशीं येऊन कां अडावी?

हा विचार डोक्यांत येण्यास जें कारण घडलें तें अगदीं साधें आहे. माझ्या एका स्नेह्यांच्या मुलानें आपल्या गाडीला हौसेनें नवीं चाकें बसविलीं. सहा आऱ्यांचें तें चाक एका नांवाजलेल्या जपानी चाकाची हुबेहूब नक्कल होतें. किंमत मूळ चाकाच्या मानानें नांवालाच होती, आणि तरीहि विकणाऱ्यानें तें 'फोर्ज्ड', म्हणजे घडीव, असल्याची ग्वाही दिली होती. चार महिन्यांनीं, ऐन पावसाळ्यांत, पाण्यानें भरलेल्या एका खड्ड्यांत पुढचें चाक आदळलें आणि त्याचा एक आरा मुळाशीं तुटला. वेग बेताचा होता म्हणून कोणास इजा झाली नाहीं. गॅरेजमध्यें तें चाक मीं उलटसुलट करून पाहिलें. वरून काळ्या रंगाची निर्दोष तकाकी. मोडलेल्या जागीं मात्र खडबडीत राखी कण, आणि त्या कणांमध्यें सुईच्या अग्राएवढीं छिद्रें. मिस्त्रींनीं तिकडे एकदां पाहिलें आणि "ओतीव आहे" एवढे दोनच शब्द उच्चारले. मुलाला राग आला होता, पण तो पैशांचा नव्हता. "दिसायला तर अगदीं तस्संच होतं," असें तो पुनःपुन्हा म्हणत होता. या एका वाक्यानें मला त्या रात्रीं बराच वेळ झोंप येऊं दिली नाहीं. कारण तो म्हणत होता तें खरें होतें. दिसायला तें तसेंच होतें.

ओतीव चाक म्हणजे वाईटच असें कोणी समजूं नये. मोटारींच्या ॲल्युमिनियमच्या चाकांपैकीं बहुसंख्य चाकें ओतीवच असतात आणि तीं आपलें काम इमानानें करतात. वितळलेला धातु निवतांना आकसतो, त्यांत विरघळलेला वायु बाहेर पडूं पाहतो, आणि आंत बारीक पोकळ्या राहतात. चांगला कारखानदार त्या शक्य तितक्या कमी करतो आणि राहिलेल्या दोषाची भरपाई म्हणून आरा थोडा जाड ठेवतो. ही जाडी म्हणजे एक प्रकारची कबुलीच होय. नकली माल करणारा दोष तर ठेवतोच. कबुली मात्र पुसून टाकतो.

घडीव चाकाची रीत अशी. ॲल्युमिनियमचा ओंडक्यासारखा गोल दांडा कापून त्याचा ठोकळा घेतात. तो सुमारें साडेचारशें अंशांपर्यंत तापवितात, म्हणजे तो मऊ होतो पण वितळत नाहीं. मग हजारों टनांच्या दाबाखालीं तो ठशांत दाबतात. लोहाराच्या घणाचा येथें यंत्राच्या दाबानें अवतार घेतलेला असतो एवढेंच, ऐरण तीच. या दाबानें आंतल्या पोकळ्या मिटतात आणि धातूचे कण लांबट होऊन ओळीनें बसतात. लांकडाला जशा रेषा असतात तशा रेषा आतां या धातूंतहि येतात, आणि त्या रेषा जिकडे धांवतात तिकडे बळ धांवतें. चाकाच्या कडेची भिंत पुष्कळदां निराळ्या रीतीनें काढतात: चाक फिरतें ठेवून रोलरांनीं धातु ओढीत नेतात, कुंभार मडक्याची भिंत वर ओढतो तशी.

इतकें होऊनहि चाक कच्चेंच असतें. या मिश्रधातूंत मॅग्नेशियम व सिलिकॉन हीं थोड्या प्रमाणांत मिसळलेलीं असतात. तो सुमारें ५३० अंशांपर्यंत तापवून एकदम पाण्यांत बुडवितात, आणि नंतर मंद आंचेवर कांहीं तास ठेवतात. यामागचें रहस्य अपघातानें हातीं लागलें. १९०६ सालीं आल्फ्रेड विल्म या जर्मन शास्त्रज्ञांनीं तांबें व मॅग्नेशियम घातलेल्या ॲल्युमिनियमची एक पट्टी तापवून विझविली आणि तिचा कठीणपणा मोजण्याचें काम अर्धवट टाकून ते सुटीला गेले. दोन दिवसांनीं परत येऊन मोजतात तों पट्टी नुसती पडून राहून अधिक कठीण झालेली. असें कां व्हावें हें पुढें तीस वर्षें नीट कळलें नव्हतें; १९३८ सालीं फ्रान्समध्यें गिनिए व इंग्लंडमध्यें प्रेस्टन या दोघांनीं स्वतंत्रपणें क्ष-किरणांच्या साहाय्यानें दाखविलें कीं, मिसळलेल्या धातूचे अणु आंतल्या आंत सूक्ष्म पुंजके करून बसतात आणि त्यामुळें धातु सहजासहजीं सरकेनासा होतो. आपल्याकडे लोणचें मुरतें, तसा हा धातु मुरतो. स्वयंपाकघरांत ज्या क्रियापदाला आपण इतके सरावलों आहों, तें प्रयोगशाळेंत लोकांना तीस वर्षांनीं सांपडावें, याची मला गंमत वाटते.

आतां हा सर्व खटाटोप कशासाठीं? गाडीचा देह स्प्रिंगांवर तोललेला असतो, परंतु चाक स्प्रिंगांच्या खालीं असतें. रस्त्याचा प्रत्येक उंचवटा त्याला स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो. उंचवट्यावर उडालेलें चाक जितकें जड, तितकें तें पुन्हा रस्त्याला टेकण्यास उशीर करणार. आणि जें चाक रस्त्याला टेकलेलें नाहीं, तें ना वळवूं शकत, ना थांबवूं शकत. दुसरी गोष्ट फिरण्याची. एक किलो धातु गाडीच्या बैठकीखालीं ठेवला तर त्याला फक्त पुढें न्यावें लागतें. तोच किलो चाकाच्या कडेला असला तर त्याला पुढेंहि न्यावें लागतें आणि फिरवावेंहि लागतें. हिशेब केला तर लागणारी ऊर्जा टायरच्या बाहेरच्या कडेशीं बरोबर दुप्पट भरते. धातूची कड टायरच्या आंत असल्यामुळें प्रत्यक्षांत त्याहून कांहीशी कमी. चाकावरचा एक किलो म्हणजे गाडींतले दहा किलो, असें जें शौकीन मंडळी एकमेकांना सांगत असतात, तो अतिशयोक्ति अलंकाराचा नमुना म्हणून पाठ्यपुस्तकांत घालण्यास हरकत नाहीं. गणितांत त्याला जागा नाहीं. दुप्पट हेंच पुरेसें मोठें आहे.

ओतीव आणि घडीव यांचा वाद करतांना एका ओतीव चाकाला वंदन करून पुढें जाणें प्राप्त आहे. १९२४ च्या ऑगस्टमध्यें फ्रान्समधील लियों येथील शर्यतींत एत्तोरे बुगाती यांनीं आपली 'टाइप ३५' ही गाडी प्रथम उतरविली. तिचीं चाकें तारांच्या आऱ्यांचीं नव्हतीं. आठ रुंद, चपट्या आऱ्यांचीं, ॲल्युमिनियमचीं ओतीव होतीं, आणि ब्रेकचा डबा चाकाशींच एकजीव केलेला होता. चाक उतरविलें कीं ब्रेक डोळ्यांसमोर उघडा. त्या दिवशीं टायरांनीं दगा दिला आणि यश आलें नाहीं, तथापि चाकाची कल्पना अमर झाली. एत्तोरे यांचे वडील लांकडी सामानाच्या नक्षीकामासाठीं आणि भाऊ प्राण्यांच्या शिल्पांसाठीं प्रसिद्ध होते. त्या घरांत हाताला आणि डोळ्याला एकच शिक्षण मिळालेलें होतें, हें त्या चाकाकडे पाहतांना जाणवतें. त्यांत ओतीवपणा लपविलेला नाहीं. आऱ्याची रुंदी हें त्या रीतीचें प्रामाणिक भाषण आहे.

माझ्या मतें घडीव चाकाला स्वतःची भाषा सांपडली ती त्यानंतर चार तपांच्या आंत, जर्मनींत. १९६६ सालीं पोर्शे कारखान्यानें आपली '९११ एस' ही अधिक वेगवान गाडी काढली, आणि तिला मायनर्त्सहागेन या गांवच्या ओटो फुक्स कारखान्यानें घडविलेलीं चाकें दिलीं. धातूचें घडकाम करणारा हा कारखाना १९१० पासूनचा. चाकाचा घाट पोर्शेच्या नमुने तयार करणाऱ्या शाखेंतील हाइन्रिख क्ली यांच्या हातचा. फर्डिनांड आलेक्झांडर पोर्शे यांनीं त्यावर आपला हात फिरविला. पंधरा इंच व्यासाचें आणि केवळ साडेचार इंच रुंदीचें हें चाक पोलादी चाकापेक्षां सुमारें तीन किलोंनीं हलकें होतें.

हें चाक एकदां नीट पाहावें. पांच आरे आहेत, पण त्यांना आरे म्हणण्यास जीभ वळत नाहीं. त्या पाकळ्या आहेत. मध्याशीं निरुंद, बाहेर जातां जातां रुंद, आणि कडेशीं गोलाईनें मिटलेल्या. आपल्या परसांतील तगरीच्या फुलाची आठवण व्हावी असा तो पांचांचा मेळ आहे. फरक इतकाच कीं, तगरीच्या पाकळ्या एका अंगाला पिळलेल्या असतात आणि ह्या सरळ आहेत. जर्मन लोक या चाकाला पंखांचें चाक म्हणतात. पुढें पाकळ्यांच्या भोंवतालचा खोलगट भाग काळा रंगविण्याची रीत पडली आणि त्या काळ्यावर धातूची पाकळी उठून दिसूं लागली. सबंध चाकांत डोळ्याला बोंचेल असा कोन जवळजवळ नाहीं.

येथेंच समीक्षकानें थांबावें. हा मृदुपणा कोणा चित्रकाराच्या लहरींतून आला काय? नाहीं. ठशाखालीं दाबलेला धातु ठशाच्या कानाकोपऱ्यांत वाहत जावा लागतो. तीक्ष्ण कोपरा त्या प्रवाहाला अडवितो, आणि जेथें प्रवाह अडला तेथें चीर पडण्याचें भय. पुढें चाक फिरूं लागल्यावरहि ताण कोपऱ्यांतच गोळा होतो. म्हणून घडीव वस्तूच्या वळणाला गोलाई हवी. पाकळी बाहेरच्या बाजूला रुंद कां? कडेचा भार जास्तींत जास्त लांबीवर झेलावा म्हणून. म्हणजे ज्या रेषेला आपण लालित्य म्हणतों, तीच रेषा धातूला वाहण्यास सोपी आणि भाराला पेलण्यास सोयीची ठरली आहे. क्ली यांचें कौतुक याचें कीं, त्यांनीं ही गरज ओळखली आणि तिच्यावर वरून कांहीं चिकटविलें नाहीं. याच घाटाचें चाक पुढें रुंद होत गेलें. १९७२ व ७३ च्या 'कॅरेरा आरएस' गाडीला तें पुढें सहा इंच आणि मागें सात इंच रुंद झालें. शुभ्र गाडीवर निळा किंवा लाल रंग ल्यालेलें त्याचें रूप ज्यांनीं पाहिलें त्यांना तें विसरतां येत नाहीं. १९८९ पर्यंत ९११ च्या अंगावर हें चाक राहिलें. मोटारीच्या धंद्यांत, जेथें दरसाल काठ-पदर बदलतात, तेथें तेवीस वर्षें एकच दागिना अंगावर ठेवणें ही सामान्य गोष्ट नव्हे.

दागिना हा शब्द मीं वापरला खरा, पण तो परत घ्यावयास हवा. क्षेमेंद्रानें अकराव्या शतकांत काश्मीरमध्यें औचित्याचा जो विचार मांडला, त्यांत अलंकार अस्थानीं घातला म्हणजे काय होतें हें दाखविण्यासाठीं गळ्यांत मेखला घालणारीची आठवण दिली आहे. ती आठवण चाकांच्या बाजारांत पावलोपावलीं होते. एके काळीं शर्यतीचीं चाकें तीन तुकडे बोल्टांनीं जोडून करीत. कडेचा तुकडा बिघडला तर तेवढाच बदलतां यावा आणि रुंदी कमीजास्त करतां यावी, ही त्यामागची सोय होती. श्वार्झवाल्डमधील शिल्ताख गांवीं १९७० सालीं निघालेल्या बीबीएस कारखान्याचें नांव अशाच जोडचाकांनीं गाजलें, आणि त्या बोल्टांची गोल माळ डोळ्याला आवडूं लागली. मग काय झालें? ज्या चाकाला जोड मुळींच नाहीं, त्याच्या कडेवर लोकांनीं खोटे बोल्ट चिकटविण्यास आरंभ केला. ही गळ्यांतली मेखला. बोल्ट कांहीं धरीत नाहीं; धरल्याचें सोंग करतो. आपल्याकडे 'कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला' हा वाद फडके आणि खांडेकर यांच्या नांवांनीं पुष्कळ रंगला. दोन्ही पक्षांना हा खोटा बोल्ट दाखवावा. तो ना कलेचा, ना जीवनाचा.

आतां त्या मुलाच्या वाक्याकडे परत येतों. त्यानें ज्या चाकाची नक्कल घेतली होती, तें ओसाकाच्या रेज कारखान्याचें 'टीई ३७' हें चाक १९९६ सालीं निघालें. सहा सरळ आरे, त्यांना कसलीहि नक्षी नाहीं. नांवांतील सदतीस हा आंकडा पंधरा इंची, सहा इंच रुंद चाकाच्या ३.७ किलो वजनावरून घेतलेला. एखाद्या कवीनें आपल्या कवितेला तिच्या अक्षरांची संख्याच नांव म्हणून द्यावी, तसा हा प्रकार. आणि मला तो आवडतो, कारण त्यांत फुशारकी असली तरी ती तराजूवर ठेवून पाहतां येते. फुक्सच्या पाकळीचें लाघव या चाकांत नाहीं. येथें सारें सौंदर्य काटकसरीचें आहे: इतक्या कमी धातूनें इतकें पेललें जातें, या आश्चर्याचें. आणि नेमकें हेंच आश्चर्य नक्कल करतां येत नाहीं. घाट उचलतां येतो, रंग उचलतां येतो, परीक्षेंत उतरल्याच्या खुणासुद्धां उठवितां येतात. खरीं चाकें वारंवार वांकवून थकवितात. तेरा अंशांनीं कलतीं बसवून त्यांच्या कडेवर वजन टाकून पाहतात. त्या छळांतून जें उतरतें त्यावर खूण उमटते. नक्कल करणारा खूण आधीं उमटवितो आणि परीक्षा गिऱ्हाइकाला रस्त्यावर घ्यावयास लावतो.

मग डोळ्यानें ओळखावें कसें? पैठणी घेतांना आपल्या आज्या पदर उलटा करून पाहत, कारण हातमागावरच्या खऱ्या पैठणीची नक्षी पाठीमागूनहि पुढच्यासारखीच स्वच्छ असते. चाकहि उलटें करून पाहावें. जाणकार माणूस आऱ्याची पाठ पाहतो, कोरून काढलेल्या खळग्या पाहतो, हातांत तोलून पाहतो. तरीहि शेवटीं एक गोष्ट उरतेच कीं, कणांची रांग कोणाच्याच डोळ्याला दिसत नाहीं. ती चाक मोडल्यावर दिसते, आणि तेव्हां पाहून उपयोग नसतो.

यावर कोणी म्हणेल कीं, जें दिसतच नाहीं त्याचा सौंदर्याशीं संबंध काय? रूप तें रूप. बळ ही इंजिनियराची बाब. हा युक्तिवाद मला एके काळीं पटत असे. पण त्या दिवशीं गॅरेजमध्यें मीं एक गोष्ट पाहिली. एक चाक मोडलें होतें. उरलेलीं तीन धड होतीं, आणि सकाळीं होतीं तितकींच देखणीं होतीं. त्या मुलानें तीं त्याच दिवशीं काढावयास लावलीं. भीतीनें काढलीं असें म्हणावें तर भीति खरीच होती. परंतु काढल्यावर तीं भिंतीला टेकून ठेवलीं असतां त्यांच्याकडे त्याला पाहवेना. रूप तसूभर बदललें नव्हतें. बदललें होतें तें त्याला ठाऊक असलेलें. यावरून मला वाटतें कीं, जें आपण जाणतों तें डोळ्याच्या आंत बसून पाहत असतें. उलट बाजूनेंहि सांगितलें पाहिजे. घडीव असून ओंगळ अशीं चाकें मीं पुष्कळ पाहिलीं आहेत, आणि त्यांच्या अंतरंगाची कितीहि प्रशंसा ऐकली तरी तीं मला सुंदर वाटलीं नाहींत. आंतलें बळ बाहेरच्या घाटाला बोलावयास लावतें तेथेंच रस निर्माण होतो. मुकें बळ आणि पोकळ बोलणें हीं दोन्ही सारखींच निष्फळ.

घडीव या शब्दाचाहि आतां जरा दुरुपयोग होऊं लागला आहे. पुष्कळ महागडीं चाकें अशीं करतात कीं, धातूचा मोठा थोरला जाड चकती-वजा ठोकळा घडवून ठेवावयाचा आणि गिऱ्हाईक सांगेल तो घाट त्यांतून संगणकाच्या आज्ञेनें चालणाऱ्या यंत्रानें कोरून काढावयाचा. ठोकळ्याचा बहुतांश भाग भुसा होऊन खालीं पडतो. हें चाक घडीव आहे यांत खोटें नाहीं. पोकळ्या मिटल्या आहेत, धातु मुरला आहे. परंतु कणांच्या रेषा ठोकळ्याच्या आहेत, आऱ्याच्या नाहींत. आरा त्या रेषांना वाटेल तेथें छेदून जातो. ठशांतच आऱ्याचा आकार घेतलेल्या चाकांत रेषा आऱ्याबरोबर वळलेल्या असतात. लांकडाचें वांकडें फाटें हेरून त्याचा नांगर करणें आणि सरळ फळीतून नांगराचा आकार कापणें, यांत जें अंतर तेंच येथें. पहिल्या रीतीला ठसे कोरण्याचा भारी खर्च येतो आणि एकदां कोरलेला ठसा बदलतां येत नाहीं. म्हणून घाट ठरविणाऱ्याला आधीं पूर्ण विचार करावा लागतो. दुसरी रीत कोणाचेंहि मन मोडीत नाहीं. तिच्यांतून निघणारे घाट त्यामुळेंच बहुधा एकमेकांसारखे बडबडे असतात, असें माझें निरीक्षण आहे.

यंत्रानें दाबलेल्या वस्तूला कारागिरी म्हणावें काय, ही शंका मात्र मला फारशी सतावीत नाहीं. पुण्याच्या तांबट आळींत तांब्याच्या भांड्यावर माठारकाम करतात. हातोडीच्या ओळीनें उमटलेल्या ठशांनीं भांडें चमकतें आणि त्याच ठोक्यांनीं तें कठीणहि होतें. शोभा आणि बळ एकाच ठोक्यांत. हजारों टनांच्या यंत्राखालीं हातोडी धरणारा हात दिसत नाहीं हें खरें. परंतु ठसा किती गोल ठेवावा, धातु किती तापवावा, पहिल्या दाबांत किती भाग घ्यावा आणि दुसऱ्यासाठीं किती राखावा, हे निर्णय कोणाच्या तरी अनुभवांतून आलेले असतात. हात मागें सरकला आहे. नाहींसा झालेला नाहीं.

मला खरी खंत वाटते ती आजच्या आकारांची. १९६६ चें तें चाक पंधरा इंची होतें. आज त्याच वंशाच्या गाड्यांना वीस आणि एकवीस इंचांचीं चाकें असतात. घडणीनें जें वजन वांचविलें, तें व्यासानें आणि रुंदीनें खाऊन टाकलें. आजचें मोठें घडीव चाक त्या जुन्या पोलादी चाकापेक्षांहि जड भरूं शकतें. मोठ्या ब्रेकांना जागा हवी हें कारण आहे, पण तें अर्धें कारण आहे. उरलेलें अर्धें डोळ्यांचा हव्यास. मोठें चाक म्हणजे मोठी ऐट, आणि भोंवतीं टायरची भिंत इतकी निरुंद कीं खड्डा थेट धातूला येऊन भिडतो. हलकेपणासाठीं जन्मलेली विद्या भपक्याच्या चाकरीला लागली, याचें वाईट वाटल्यावांचून राहत नाहीं. शर्यतीच्या मैदानांतहि निराळेंच घडलें: २०२२ सालीं फॉर्म्युला वनच्या सर्व गाड्यांना एकाच कारखान्याचीं अठरा इंची चाकें देण्यांत आलीं आणि वर झांकणें बसविण्यांत आलीं. तेथील घडकाम उत्तमच असणार. तें पाहावयास मिळालें नाहीं.

परवां एका गृहस्थांच्या संग्रहीं १९७० च्या सुमाराचें एक फुक्स चाक मला प्रत्यक्ष हातांत घ्यावयास मिळालें. सहा इंच रुंदीचें तें चाक एका हातानें उचललें तेव्हां मन जितक्या वजनाला तयार होतें त्याहून तें कमी भरलें, आणि हात वर गेला. पुढच्या बाजूची तकाकी गेली होती. एका पाकळीच्या टोकाशीं दगडाचा जुना घाव होता. तेथें धातु दबला होता, तडकला नव्हता. मीं तें उलटें केलें. पाठीमागें कारखान्याची खूण, माप आणि घडविल्याची तारीख ठोकलेली होती. क्ली यांचें नांव कोठेंच नव्हतें. घावाच्या जागेवरून मीं अंगठा फिरविला आणि चाक परत त्याच्या फळीवर ठेवलें.